बिल्ल्यांची वाटणी, आणि शोभाचे येणे

॥ श्रीमंगेश प्रसन्न ॥

मी, गुरुदत्त मंगेश तेलंग, वय वर्षे एकाहत्तर, मूळ राहणार वेंगुर्ले, मग पुणे, आणि गेली तेहेतीस वर्षे टूनगॅबी, सिडनी, धंदा लिफ्ट-दुरुस्तीचा इंजिनीयर, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसून, स्वहस्ताक्षरात, राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लॉकडाउनमध्ये दबाव टाकायला घरी येणार तरी कोण? डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयात आहे. रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत आणि येत्या मंगळवारी छाती उघडून बायपास करायची आहे. डॉक्टर म्हणतात, धोका अगदी थोडा. मी नोकरीभर लोकांना लिफ्टबद्दल हेच सांगत आलो, तेव्हा या वाक्याचे वजन मला ठाऊक आहे.

वकिलाचे म्हणणे होते की इंग्रजीत लिहा. इंग्रजीत माझे मरण दोन ओळींत आटोपले असते. म्हणून मराठीत लिहितो. पुढे अधिकृत भाषांतर करून घ्यावे, आणि भाषांतर करणाऱ्याने अवांतर समजून काही गाळू नये.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी एकुलती मुलगी सौ. नीरजा हिने करावी. ती मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये राहते. तिकडेही लॉकडाउन आहे आणि राज्याची सीमा बंद, त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी ती इथे नसेल, याचे तिने मनाला लावून घेऊ नये. हॉस्पिटलात तसेही कोणाला आत सोडत नाहीत. नीरजा कामाला वाघ आहे, पण तिला मोकळी कपाटे फार आवडतात. मागे एकदा ती चार दिवस राहायला आली तेव्हा काउन्सिलचा क्लीन-अप, म्हणजे घरातली अडगळ फुकट उचलून न्यायचा दिवस, होता. माझ्या बिल्ल्यांचे चौदा खोके फुटपाथवर गेले आणि मी लुंगीवर धावत जाऊन ते परत आणले. तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, हे सगळं गूगलवर असतं रे." असेल. गूगलला पाठीमागे टाचणी नसते.

कलम २. टूनगॅबीचे राहते घर, बँकेतील ठेवी, सुपर म्हणजे इथला निवृत्तीचा फंड, आणि गाडी, असे सर्व स्थावर-जंगम माझी पत्नी सौ. शोभा गुरुदत्त तेलंग हिला मिळावे. यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही आणि कोणी सांगूही नये.

शोभा सध्या पुण्यात आहे, हे वाचणाऱ्यास माहीत असणे जरूर आहे. तिची थोरली बहीण नीलिमा हिच्या खुब्याचे ऑपरेशन होते म्हणून ती २०२०च्या फेब्रुवारीत गेली. एप्रिलचे परतीचे तिकीट होते. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने दार लावून घेतले. पुढे एका विमानात जागा मिळाली, तर नीलिमाताई न्हाणीघरात पडल्या आणि शोभाने ती जागा सोडली. तिने बरोबरच केले. मीही तेच सांगितले, फोन ठेवल्यावर मात्र मी गॅसवरचा भात करपेपर्यंत तिथेच बसून राहिलो. या वर्षी मे महिन्यात भारतातून येणाऱ्यांना तुरुंगात घालू असे सरकार म्हणाले, आता महिन्याला मोजकीच माणसे येऊ देतात. दीड वर्ष झाले. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतके दिवस वेगळे कधी राहिलो नव्हतो, आणि मला ते जमलेले नाही. हे कायदेशीर दस्तऐवजात लिहायचे नसते, पण लिहिले.

कलम ३. माझ्या मागे शोभा परत येईपर्यंत या घरातील एकही वस्तू हलवू नये. तिच्या चपला दाराशी आहेत तशाच असाव्यात. फ्रीजवरचा भाज्यांचा कागद तिच्या अक्षरातला आहे, तोही काढू नये. तिने स्वतःच्या किल्लीने दार उघडावे आणि मग ठरवावे. (हे कलम पुढे बदलले आहे. कलम ९ पाहावे. खोडत नाही, कारण लिहिताना मला तसेच वाटत होते.)

कलम ४. माझा संग्रह. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकांतील बिल्ले, पदके, फिती, रुमाल, झेंडे आणि इतर प्रचारसामान, एकूण चौदा खोके. इंजिनीयर माणसाला हे खूळ कुठून लागले, असे लोक विचारतात. वेंगुर्ल्यातून लागले. बासष्ट साली निवडणूक आली की गावात जीप यायची, भोंग्यातून "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का" चालायचे, आणि आम्ही पोरे धुळीतून मागे धावायचो. बिल्ले उधळले जायचे. माझ्या सदऱ्यावर एकीकडे काँग्रेसची बैलजोडी आणि दुसरीकडे समाजवाद्यांची झोपडी असे. वडिलांनी विचारले, "तू नक्की कोणाचा?" मी म्हणालो, "ज्याची जीप पुढे येईल त्याचा." पाठीत धपाटा बसला. त्यानंतर पक्षाशी मी कधी निष्ठा ठेवली नाही, बिल्ल्याशी ठेवली.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी फ्लेमिंग्टनच्या रविवारच्या बाजारात एका म्हाताऱ्याकडे बिस्किटाच्या डब्यात बिल्ले दिसले. त्याच्या भावाला कधी काळी अमेरिकन खलाशांनी दिलेले. वर लिहिलेले, आय लाइक आइक. हा आइक कोण, मला माहीत नव्हते, साबणवाला असेल असे वाटले. तो अमेरिकेचा अध्यक्ष होऊन गेला, हे पुढे कळले. मी संकोचलो. शोभा पुढे झाली, हातात मेथीची जुडी होती, आणि तिने तो अख्खा डबा भाजीच्या भावात पाडून घेतला. तेव्हा या खुळाची पहिली गुंतवणूक तिची आहे. पुढे चाळीस वेळा "घर आहे की भंगाराचं दुकान" म्हणाली, ते वेगळे.

खोके कसे लावले आहेत ते सांगतो, म्हणजे कोणी उलटेसुलटे करणार नाही. पहिल्यात शिवायची बटणे आहेत. वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष झाला तेव्हा लोकांनी पितळी बटणे कोटाला शिवून घेतली होती. माझ्याकडचे बटण नक्कल आहे, कोणी भुलू नये. दुसऱ्यात भोक पाडून दोऱ्यात अडकवायची पदके. तिसऱ्यात लिंकनच्या काळचे, लोखंडी पत्र्यावर छापलेले नखाएवढे फोटो. उमेदवाराचा चेहरा माणसाने प्रथमच स्वतःच्या छातीवर वागवला तो तेव्हा. चौथ्यात १८९६. त्या साली सेल्युलॉइडचा बिल्ला आला. कागदावर चित्र, वर पारदर्शक पापुद्रा, मागे टाचणी. स्वस्त झाला आणि घरोघरी गेला. मॅकिन्ले आपल्या ओसरीवर बसून राहिला, लोक आगगाड्या भरून त्याच्या अंगणात आले, आणि तो जिंकला. त्याच्याविरुद्धचा ब्रायन देशभर घसा फोडत फिरला आणि हरला. पुन्हा उभा राहून आणखी दोनदा हरला. ब्रायनचे बिल्ले मी वेगळ्या मखमलीत ठेवले आहेत. हरलेल्यांचे बिल्ले लोक फेकून देतात, म्हणून ते सांभाळावे लागतात.

त्यापुढे छापील पत्र्याचे आले. मग आइकच्या वेळी बायकांच्या मोज्यांपासून पावडरीच्या डबीपर्यंत सगळ्यावर नाव. मग टीव्ही आला आणि बिल्ला आटत गेला. माझे एक निरीक्षण आहे, ते मी इथल्या मराठी मंडळात दोनदा व्याख्यान देऊन सांगितले, दोन्ही वेळा लोक वड्यांकडे बघत होते. आधी उमेदवार कोटाला शिवला जायचा. मग छातीवर टाचला जाऊ लागला. मग गाडीच्या बंपरवर चिकटला, मग अंगणात पाटी होऊन उभा राहिला, मग फोनमध्ये शिरला. असा तो अंगापासून लांब लांब गेला. आणि गेल्या वर्षी, २०२०च्या निवडणुकीत, उमेदवारांच्या नावाचे मास्क निघाले. थेट तोंडावर आला. चौदाव्या खोक्यात असे सहा मास्क आहेत. ते न वापरलेले आहेत, तरी नीरजाने हात धुवावेत.

हा सर्व संग्रह, कलम ५, ६ आणि ७ मधील वस्तू वगळून, इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मागितला आहे. तो त्यांना द्यावा. पोरे अभ्यास करतील. खोक्यांची उस्तवार शोभाच्या गळ्यात मारायची माझी इच्छा नाही.

कलम ५. आय लाइक आइकचा तो पहिला बिल्ला माझा मित्र अजित याला द्यावा. तो वेंटवर्थव्हिलला राहतो, नाणी जमवतो आणि माझ्या संग्रहाला वीस वर्षे "पत्रा" म्हणतो. नाही दिला तर सुतकात विचारायला येईल.

अजितचे आणि माझे एक जुने प्रकरण आहे, तेही इथेच मिटवतो. २०१४ साली आम्ही दोघे मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे राहिलो. मी रीतसर प्रचार केला. बिल्ले दाबायच्या माझ्या यंत्रावर माझ्याच चेहऱ्याचे दोनशे बिल्ले काढले, खाली "तेलंग म्हणजे तोलून काम". दारोदार गेलो, प्रत्येक घरी चहा घेतला, पित्त झाले. अजितने एकही बिल्ला काढला नाही. त्याने एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, रोज सकाळी सुप्रभात टाकले, आणि निवडून आला. सव्वादोनशे वर्षांचा प्रचाराचा इतिहास माझ्यावरून असा सरसर गेला.

परतताना गाडीत मी शोभाला म्हणालो, "आपली माणसंच फिरली." ती म्हणाली, "मी अजितला दिलं."

मी गाडी कडेला घेतली. ती म्हणाली, "अहो, तुम्ही निवडून आला असतात तर शनिवार-रविवार हॉलच्या खुर्च्या मोजत बसला असतात. मला घरी पाहिजे होतात."

एका मताने मी हरलो नव्हतो, बऱ्याच मतांनी हरलो होतो. पण मला पाहिजे असलेले एक मत मला त्या गाडीत मिळाले. अजितवर माझा राग नाही. त्याला हे आजवर कळू दिले नाही, कारण त्याला थोडे अपराधी वाटत राहावे अशी माझी इच्छा होती. आता कळले तरी चालेल.

कलम ६. बिल्ले दाबायचे यंत्र, त्याचे साचे, टाचण्या आणि गोल कागद कापायची कात्री माझी नात मयूरा हिला द्यावी. गेल्या वर्षी मेलबर्नच्या लांब लॉकडाउनमध्ये ती शाळेत कॅप्टनपदाला उभी होती. भाषण झूमवर होते. मी इथून तिचे बिल्ले दाबून पोस्टाने पाठवले. ते सीमेवर की कुठे अडकले, आणि मते पडून गेल्यावर पोहोचले. ती हरली होती. मी फोनवर सॉरी म्हणालो, तर पोर म्हणते, "आजोबा, नो वरीज. मी सगळे बिल्ले टेडीजना लावलेत. दे ऑल व्होटेड फॉर मी." असा मतदारसंघ ब्रायनलाही मिळाला नाही. मयूराला उभे राहायची खोड लागो, जिंकायची नाही लागली तरी चालेल.

कलम ७. दुसऱ्या खोक्यातील एक पितळी पदक खोक्यात नाही, देवघरात आहे. ते १८४०चे, हॅरिसनच्या प्रचाराचे. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला लाकडी ओंडक्यांची झोपडी. उमेदवार गरिबाघरचा दाखवायची तेव्हा नुकती टूम निघाली होती. माझ्या संग्रहातले हे सर्वांत जुने अस्सल पदक. जुन्या धातूचा पहिला नियम असा, की तो घासायचा नाही. काळपट साय चढलेली असते, तीच त्याची खरी ओळख. हा नियम मी घरात पन्नासदा सांगितला होता, पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नव्हता सांगितला.

शोभाने समया काढल्या, निरांजन, ताम्हण, पळी-पंचपात्र काढले, आणि माझी हत्यारे पुजायची म्हणून स्पॅनर, टेस्टर यांच्यासोबत टेबलावरचे ते पदकही घेतले. चिंच आणि मीठ लावून असे लखलखीत घासले की झोपडीची दारे-खिडक्या सपाट झाल्या. मी आलो तेव्हा हॅरिसनसाहेब झेंडूच्या फुलाखाली हळदकुंकू लावून बसलेले. एका लिलाववाल्याला फोटो पाठवला, त्याने कळवले की आता याला संग्राह्य म्हणता येणार नाही. शोभाला सांगितले तर ती म्हणाली, "स्वच्छ केलं म्हणून किंमत उतरली? असला कसला बाजार?"  तेव्हापासून पदक देवघरात राहिले आणि दर दसऱ्याला त्याची पूजा होते.

ग्रंथालयाच्या बाईंना ही हकीकत कळवली, तर त्यांचे उलट पत्र आले की बाकी सर्व खोके राहू द्यात हवे तर, आम्हाला हेच पदक अवश्य पाहिजे, असे दुसरे जगात नसेल. मी त्यांना नम्रपणे नाही कळवले. पदक शोभाला द्यावे.

कलम ८. अंत्यविधीस सध्या दहाच माणसांना परवानगी आहे. नऊच जणांना बोलवावे. दहावी खुर्ची पुढच्या रांगेत रिकामी ठेवावी, तिच्यावर कोणाचा कोट किंवा पर्स ठेवू देऊ नये. ती शोभाची. अस्थी घरातच ठेवाव्यात. ती विमानातून उतरेल, क्वारंटाइनच्या हॉटेलात चौदा दिवस कोंडून राहील, मग घरी येईल, तोवर दहावा-तेरावा काही करू नये. मी थांबेन. घाई तशीही उरलेली नसेल.

येथपर्यंत काल लिहून झाले. आज सकाळी शोभाला व्हिडिओ कॉलवर सर्व वाचून दाखवले. तिच्या मागे नीलिमाताई वॉकर धरून उभ्या होत्या आणि मधून मधून "ऐकू येत नाही, मोठ्यानं वाचा," म्हणत होत्या. शोभा पदकापर्यंत हसत होती. खुर्चीच्या कलमाला तिने चष्मा काढला.

"अहो, हे मला मान्य नाही," ती म्हणाली.

"अगं, पण मृत्युपत्र माझं आहे."

"असेल. तुम्ही लिहिलंय, मी येईन, किल्लीनं दार उघडेन, चपला दाराशी असतील. त्या घरात तुम्ही नसाल, तर मी कशाला येऊ? चौदा दिवस त्या खोलीत बसून, बाहेर येऊन, मी काय करू? हॅरिसनला फूल वाहू?"

 नीलिमाताईंना हे मात्र ऐकू गेले असावे, कारण त्या हळूहळू आतल्या खोलीत गेल्या.

"तुम्ही सगळं माझ्या येण्यावर लिहिलंय," शोभा म्हणाली. "दीड वर्ष रोज विमानं बघतेय मी. ती रिकामं घर बघायला नव्हे. मंगळवारी तुम्ही टेबलावरून उठायचंत. बाकी मला काही देऊ नका."

मी जन्मभर इतरांच्या प्रचाराची भाषणे जमवली. कोणाला मत द्यावे हे इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते. मी तिच्यासमोरच रडलो, तीही रडली, आणि मग तिने विचारले की भात कोणाकडून येतो. शेजारच्या यतिन-सुखदाकडून येतो असे सांगितले.

कलम ९. वरील संभाषणानंतर, पूर्ण विचाराने, कलम ३ आणि कलम ८ मधील शोभाच्या येण्यासंबंधीचा मजकूर मी रद्द करतो. मी गेल्यास शोभाने इथे यावे असे कोणतेही बंधन नाही. कर्तव्य म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, किंवा मी कुठेतरी वाट पाहत असेन म्हणून तिने एक दिवसही त्या हॉटेलात काढू नये. नीलिमाताईंपाशी राहावे. घर नीरजाने विकून पैसे तिला पाठवावेत. क्लीन-अप लावायचा तर लावावा, मी लुंगीवर धावत येणार नाही. खुर्चीवर अजितला बसवावे, त्याला पुढची रांग आवडते. विधी ज्या दिवशी करायचे त्या दिवशी करावेत. पदक पुण्याला पाठवावे, किंवा शोभा म्हणेल तर ग्रंथालयाच्या बाईंना द्यावे. मी तिला दीड वर्ष "ये" म्हणत आलो. मी नसताना तिने यावे, हे मागण्याचा हक्क मला नाही, आणि तो मी या कलमान्वये सोडत आहे. इथे अक्षर वाकडे आले आहे. मजकूर खरा आहे.

कलम १०. मंगळवारी मी शुद्धीवर आल्यास वरील नऊही कलमे स्थगित समजावीत. तेव्हा एवढेच लागू राहील, की शोभाने मिळेल त्या पहिल्या विमानाने घरी यावे. नीलिमाताईंनाही आणता आले तर पाहावे. वरची खोली रिकामी आहे, खोके हलवता येतील.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, ठिकाण टूनगॅबी, दिनांक २१ ऑगस्ट २०२१, शनिवार रोजी त्यावर सही केली आहे.

(सही) गुरुदत्त मंगेश तेलंग

साक्षीदार: आम्ही खाली सह्या करणारे, शेजारी राहणारे, लॉकडाउनमुळे परवानगीनुसार व्हिडिओ कॉलवर हजर होतो. तेलंगकाकांनी आमच्या देखत सही केली. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळत नाही, भाताचे डबे वगळता, आणि ते आमचेच आहेत.

(सही) यतिन देवस्थळी
(सही) सुखदा देवस्थळी

साक्षीदारांची नोंद: सौ. शोभा तेलंग याही पुण्याहून त्याच कॉलवर होत्या. त्यांना सही करायची होती. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळते त्यांनी साक्षीची सही करू नये, असे आम्ही त्यांना सांगितले. तेव्हा त्या उठून आत गेल्या, आपला पासपोर्ट घेऊन आल्या, आणि काकांना नीट दिसेल असा तो कॅमेऱ्यासमोर धरून बसल्या. हे आम्ही दोघांनी पाहिले.